फेरसादर बाई

आमच्या कॉलेजात एक बाई होत्या. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही विद्यार्थ्याचा अर्ज नामंजूर केला नाही, आणि एकाचाही पहिल्या खेपेला पुढे पाठवला नाही. अर्ज त्यांच्या टेबलावर जायचा आणि दोन दिवसांनी परत यायचा. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात प्रश्न लिहिलेले असायचे आणि सगळ्यात खाली दोन शब्द: ‘फेरसादर करावे.’ म्हणजे पुन्हा नीट लिहून आणा. त्यावरून त्यांना नाव पडलं फेरसादर बाई. खरं नाव पगारपत्रकावर असेल, आम्हाला त्याची कधी गरज पडली नाही. मी स्वतः त्यांना यापेक्षा वाईट नावं ठेवली आहेत, कारण माझा अर्ज सहा वेळा परत आला आणि माझं डोकं मुळातच लवकर तापतं. आज मात्र त्यांच्याविषयी कुणी वाकडा शब्द काढला तर मी पदर खोचून भांडायला उठते.

त्यांची खोली जिन्याखाली होती. पूर्वी तिथे खेळाचं सामान ठेवत, त्यामुळे रबरी चेंडूंचा वास भिंतीत मुरलेला. दारावर पाटी होती: ‘विद्यार्थी संशोधन व कलाप्रकल्प सहाय्य कक्ष’. पाटी खोलीपेक्षा लांब होती, असं आम्ही म्हणायचो. छत एका बाजूला उतरतं असल्यानं उंच मुलांचं डोकं हमखास आपटायचं. तास सुटला की डोक्यावरून शंभर-दोनशे पाय धडधडत उतरायचे. तेवढा वेळ बाई बोलणं थांबवायच्या आणि आवाज संपला की ज्या शब्दावर थांबल्या होत्या त्याच्या पुढच्या शब्दापासून सुरू करायच्या. मधे आपण काही बोललो असलो तर ते फुकट.

या खोलीत त्या आल्या त्या शिक्षा म्हणून. आधी त्या हिशेब खात्यात होत्या. मुख्य लेखापालांनी केलेल्या एका तक्त्यात त्यांनी भर बैठकीत चूक दाखवली. चूक खरी होती, म्हणून ती जास्तच झोंबली. महिन्याभरात बाईंची बदली जिन्याखाली. काम काय, तर कॉलेजच्या कुणा जुन्या विद्यार्थ्यानं मरताना ठेवलेला एक निधी सांभाळायचा. पदवीच्या मुलांनी स्वतःच्या डोक्यानं काही शोधावं, काही घडवावं, म्हणून तो माणूस पैसे ठेवून गेला होता. पण नियम किचकट, मुलांना पत्ता नाही, प्राध्यापकांना उत्साह नाही. दरवर्षी पैसे न वापरता पडून राहायचे. लेखापालांचा हिशेब असा की बाई तिथे माश्या मारत बसतील.

बाईंनी माश्या मारल्या नाहीत. पहिल्या महिन्यात त्यांनी नियमपुस्तिका कोळून प्यायली. दुसऱ्या महिन्यापासून त्या एकेका वर्गात जाऊन उभ्या राहू लागल्या. त्यांचं भाषण दोन वाक्यांचं होतं. “पैसे आहेत. तुमच्याकडे प्रश्न आहे का?” एवढं बोलून त्या निघून जायच्या. पोरं हसायची. पण प्रत्येक वर्गातून एखादं तरी जिन्याखाली येऊ लागलं.

मी गेले ती दुसऱ्या वर्षाला रसायनशास्त्राला असताना. का गेले ते आधी सांगते, कारण सगळं तिथेच अडलं आहे.

माझे बाबा बेकरीत कामाला होते. त्यांचं काम पिठाच्या गोण्या फोडून कणीक मळायच्या यंत्रात रिकाम्या करायच्या आणि रिकाम्या गोण्या झटकून घड्या घालून ठेवायच्या. चौदा वर्षं तेच. त्यातली शेवटची पाच वर्षं ते खोकत होते. साधासुधा खोकला नाही. जिना चढताना मधे थांबायचे आणि कठड्याला रंग नीट लागलाय का हे बघतोय असं दाखवायचे. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि पहिला प्रश्न विचारला, “दिवसाला किती ओढता?”

“ओढत नाही,” बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं, ‘धूम्रपान बंद करावे.’

आमच्या घरात त्या कागदावर विश्वास बसला. माझे थोरले काका आयुष्यभर ‘मी शिवत नाही’ म्हणत आले आणि मागच्या अंगणात धुराचे लोट काढत गेले, तेव्हा हे त्यांचेच धाकटे भाऊ. बेकरीत भट्टीपाशी उभे राहून निम्मे लोक ओढायचेच, त्यामुळे कपड्यांना वासही यायचा. आई तोंडानं काही बोलायची नाही, पण शर्ट धुवायला टाकण्याआधी नाकाशी धरायची. आणि मी? मी बाबांची लाडकी लेक. मीही विश्वास ठेवला नाही.  बाबा दोन-चारदा म्हणाले, “अगं, खरंच नाही,” मग म्हणायचेही थांबले. आपल्याच घरात खोटारडा ठरलेला माणूस किती गप्प होतो, ते मी पाच वर्षं बघितलं.

तर सूचनाफलकावर लिहिलं होतं: ‘अर्ज विहित नमुन्यासह सादर करावा.’ आता कचेरीत नमुना म्हणजे छापील फॉर्म, हे मला कोण सांगणार? रसायनशास्त्रात नमुना म्हणजे ज्याची तपासणी करायची ते. मी साध्या कागदावर अर्ज लिहिला, बेकरीच्या फरशीवरची वाटीभर धूळ प्लास्टिकच्या पिशवीत भरली आणि ती अर्जाला टाचणीनं टोचली. टाचणीनं पिशवीला काय होतं हे कळायला रसायनशास्त्र लागत नाही, पण ते माझ्या ध्यानात आलं नाही. बाईंनी कागद उचलला आणि पिशवी फाटून सगळं पीठ त्यांच्या काळ्या स्वेटरवर, टेबलावर, चष्म्यावर.

“हा काय नमुना आहे?” बाई म्हणाल्या.

“हाच नमुना, बाई,” मी प्रामाणिकपणे म्हणाले. “बेकरीतल्या फरशीवरचा.”

मागे रांगेत उभी असलेली पोरं खो खो हसली. पुढची दोन वर्षं कॉलेजात माझं नावच ‘नमुना’ होतं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि तशाच बसून राहिल्या. मला वाटलं, आता बोलणी खायची. मिनिटभरानं त्यांनी चष्मा पुन्हा काढला. काचेवर पिठाचा पातळ थर परत बसला होता.

“अजून उडतंय,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्या अर्जाच्या समासात लिहिलं: ‘हे हवेत किती वेळ राहतं? आणि कुणाच्या नाकाशी?’ खाली अर्थातच, फेरसादर करावे.

माझ्या संशोधनातला पहिला धड प्रश्न माझा नव्हता. तो जिन्याखालच्या एका कारकून बाईंनी अंगावर पीठ सांडलेलं असताना विचारला होता, आणि त्यांचं स्वतःचं शिक्षण पहिल्या वर्षाला सुटलेलं होतं. हे मी मोठमोठ्या लोकांसमोर सांगितलं आहे आणि पुन्हा सांगेन.

त्यानंतर माझा छळ सुरू झाला. मी लिहिलं, ‘बेकरी व्यवसायातील वायुप्रदूषणाचा सर्वंकष अभ्यास.’ समासात: ‘सर्वंकष म्हणजे किती बेकऱ्या? तुला सायकल आहे का?’ मी लिहिलं, ‘अत्याधुनिक उपकरणांद्वारे मोजमाप.’ समासात: ‘कोणती उपकरणं? सोमवारी सकाळी उठून पहिलं काय करशील, ते लिही.’ हा सोमवार त्यांचा ठरलेला होता. कवी असो की किडे मोजणारा, प्रत्येकाला सोमवारी सकाळी काय करणार ते लिहावं लागायचं. तक्रारींच्या जुन्या पत्रांवरून नाटक बसवणाऱ्या पोरींनी वैतागून लिहिलं होतं, ‘सोमवारी सकाळी आम्ही झोपणार.’ त्यावर बाईंनी लिहिलं, ‘ठीक. मंगळवारी?’

चौथ्यांदा अर्ज परत आला तेव्हा मी तो त्यांच्या टेबलावर आपटला. “द्यायचे नसतील पैसे तर सरळ सांगा ना. उगाच का आमच्या नाकी नऊ आणताय?”

नेमका तास सुटला. वरून पाय धडधडत गेले. मी लाल होऊन उभी, बाई शांत. आवाज संपल्यावर त्या म्हणाल्या, “द्यायचेच आहेत. म्हणून तर परत देतेय.”

पाचव्यांदा समासात एकच प्रश्न होता. ‘प्रकल्पाचे कारण’ या रकान्यात मी औद्योगिक आरोग्य, कामगार कल्याण वगैरे पानभर पाल्हाळ लिहिलं होतं. त्याच्या शेजारी बाईंनी लिहिलं: ‘खरं कारण?’

मी तो कागद घरी नेला. स्वयंपाकघराच्या टेबलावर बसले. पलीकडच्या खोलीत बाबा खोकत होते. मी सगळं खोडलं आणि लिहिलं, ‘माझे वडील सिगारेट ओढत नाही म्हणतात. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांचं खरं आहे का, ते मला बघायचं आहे.’

बाईंनी ते वाचलं.  मग म्हणाल्या, “तू धूळ मोजलीस तर धूळ आहे, एवढंच कळेल. वडील खरं बोलतात की नाही, ते कुठे कळणार त्यात?”

 इतके दिवस हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी रडायलाच लागले. बाईंनी मला पाणी दिलं, धीर वगैरे दिला नाही, आणि कपाटातून एक जुनी फाइल काढली. तिसऱ्या वर्षाचा संगीताचा एक मुलगा होता, त्याला सगळे बँडवाला म्हणायचे. त्यानं तुतारीवाल्यांचा दम किती असतो यावर प्रकल्प केला होता आणि त्यासाठी या निधीतून एक यंत्र घेतलं होतं. हातभर लांबीची नळी, तिच्यात जोरात फुंकायचं, काटा सरकतो आणि आकडा दाखवतो. “त्याला भेट,” बाई म्हणाल्या. “आणि मग सोमवारचं लिही.”

बँडवाल्यानं अर्ध्या तासात माझा घोळ सोडवला. “एकदा फुंकून काही कळत नाही गं. रोज फुंकायला लाव. कामाच्या दिवशी, सुट्टीच्या दिवशी. सिगारेटनं छाती गेली असेल तर ती रविवार बघून सुधारणार नाही. कामामुळे असेल तर सुट्टीत आकडा वर चढेल.”

सहाव्यांदा मी हे लिहिलं आणि अर्ज पुढे गेला. मंजूरही झाला. तेवढ्यात घोडं पुन्हा पेंड खायला लागलं. बँडवाल्याचं यंत्र कॉलेजच्या जडवस्तूंच्या नोंदवहीत होतं, म्हणजे टेबलं, खुर्च्या, कपाटं यांच्या पंगतीत. आणि जडवस्तू ‘महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेबाहेर नेता येणार नाही’ असा नियम. बँडवाल्यानं तुतारीवाल्यांना कॉलेजात आणलं होतं. मी बेकरी कशी आणणार? त्यात बेकरीच्या मालकांनीही आधीच झटकून टाकलं होतं. “कसलं मोजमाप? उद्या कुणी तपासणीला आलं म्हणजे? नसती ब्याद.”

बाई दोन दिवस नियमपुस्तिका घेऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी नियमपुस्तिकेतलं एक पान मला दाखवलं. ‘प्रयोगशाळा म्हणजे प्राचार्यांनी तसे घोषित केलेली जागा.’ बस्स, एवढंच. ती जागा कॉलेजातच हवी असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. बाईंनी टिपणी तयार केली, आणि तिचा शेवट असा होता: ‘सबब, सदर बेकरी सहा आठवड्यांसाठी महाविद्यालयाची प्रयोगशाळा म्हणून घोषित करण्यास हरकत नसावी.’

मला बोलण्यातली सबब माहीत, म्हणजे निमित्त. मी हळूच म्हटलं, “बाई, ही सबब चालेल का?”

“ही ती सबब नाही,” बाई म्हणाल्या. “कचेरीत सबब म्हणजे ‘म्हणून’. आधीचं सगळं खरं असेल तरच लिहिता येते.”

मुख्य लेखापालांनी अर्थात हरकत घेतली, दीड पानांची. बाईंनी ती वाचली, समासात दोन प्रश्न लिहिले आणि खाली लिहिलं, फेरसादर करावे. ती काही परत आली नाही. प्राचार्यांची सही झाली.

ते शिक्क्याचं पत्र घेऊन मी बेकरीत गेले. मालकांनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. ज्या माणसाला तपासणीची धास्ती होती, त्याची छाती दोन इंच फुगली. दुसऱ्या दिवशी पत्र चौकटीत घालून गल्ल्याच्या वर टांगलेलं. गिऱ्हाइकाला पाव देताना ते म्हणायचे, “घ्या, प्रयोगशाळेतला आहे.” कामगारांना दटावायचे, “हात धुऊन या रे, ही काय बेकरी वाटली काय तुम्हाला?”

नव्या प्रयोगशाळेची पाहणी करणं नियमानं आवश्यक होतं. म्हणून एका शनिवारी बाई स्वतः आल्या, काखेत नोंदवही घेऊन. बाबा गोणी फोडत होते. खांद्यावरून ती यंत्रात उलटली की पांढरा ढग उठायचा आणि बाबा त्यात दिसेनासे व्हायचे. मालकांनी बाईंना बाहेर खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. बाबांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, एक गोणी, दोन गोण्या, पाच गोण्या. पापण्यांपर्यंत पांढऱ्या झाल्या, खोकल्या, तरी हलल्या नाहीत.

“रोज किती?” त्यांनी विचारलं.

“बावीस,” बाबा म्हणाले.

“तुम्हाला काय वाटतं, खोकला कशानं होतो?”

बाबा झटकायला घेतलेली गोणी हातात धरून उभे राहिले. “सोमवारी कमी असतो, बाई. मग वाढत जातो. आज शनिवार, आज सगळ्यात जास्त. उद्या सुट्टी, उद्या बरं वाटेल.”

“हे कुणाला सांगितलंत?”

“विचारलं कुणी?” बाबा म्हणाले. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी तिथेच उभी होते, धूळ गोळा करायच्या काचेच्या पट्ट्या हातात घेऊन, आणि मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

फुंकायचं यंत्र घरी आलं. म्हणजे आमचं स्वयंपाकघरही प्रयोगशाळा झालं, त्याची वेगळी टिपणी बाईंनी केली. बाबा दिवसातून चार वेळा फुंकायचे, मी तक्ता भरायचे. बेकरीत मी ठिकठिकाणी काचेच्या पट्ट्या ठेवायचे आणि त्यांच्यावर किती पीठ बसलं ते कॉलेजच्या बारीक तराजूवर तोलायचे. मळायच्या यंत्रापाशी ठेवलेली पट्टी भट्टीपाशी ठेवलेल्या पट्टीच्या नऊपट जड भरायची. बाबांचा आकडा सोमवारी सकाळी बरा असायचा आणि शनिवारी संध्याकाळी दोनशे ऐंशीपर्यंत घसरायचा. आई भाजी चिरता चिरता तक्त्याकडे बघायची. विचारायची मात्र काही नाही.

मधल्या काळात बाई चार दिवस आजारी होत्या, म्हणून मी कागद घेऊन त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर. त्यांचे यजमान लिफ्टची दुरुस्ती करून निवृत्त झालेले. त्यांनी चहा केला आणि भिंतीवर लावलेली वाणसामानाची यादी दाखवली. यादीच्या समासातही पेन्सिल: ‘दोन साबण कशाला? एक संपला का?’ यजमान म्हणाले, “आमचं ठरत होतं तेव्हा मी हिला पत्र लिहिलं. तीनदा परत आलं. तुला सुखात ठेवीन म्हटलं, तर विचारते, म्हणजे काय करशील? चौथ्यांदा लिहिलं की सकाळचा स्वयंपाक मी करीन. तेव्हा कुठे होकार आला.”

बाई आतून ओरडल्या, “आणि अजून करतात, ते सांगा.”

निघताना मी गंमतीनं विचारलं, परत दिलेला एखादा अर्ज पुन्हा आलाच नाही असं झालं का? बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, “एक मुलगा होता, चित्रकलेचा. पाचदा परत दिला. सहाव्यांदा तो आलाच नाही. पुढे कॉलेजही सोडलं त्यानं. अर्ज टेबलावरच सोडून गेला, अजून आहे माझ्या खणात. एकदा कमी विचारायला हवं होतं मी.” त्यांच्यात हा दोष होता आणि तो त्यांना माहीत होता. पुढच्या भेटीत त्यांनी माझ्या कागदावर फक्त एकच प्रश्न लिहिला, त्यावरून मी काय ते ओळखलं.

पाचव्या आठवड्यात बेकरीची भट्टी दुरुस्तीला निघाली आणि आठ दिवस काम बंद राहिलं. पहिल्या दिवशी बाबांचा आकडा तीनशे वीस. तिसऱ्या दिवशी साडेतीनशे. सहाव्या दिवशी चारशे. बाबांनी यंत्र उलटंपालटं करून बघितलं. “मोडलंय वाटतं गं हे. परत द्यायच्या आधी दुरुस्त करावं लागेल.” मी स्वतः फुंकून बघितलं, आईला फुंकायला लावलं. यंत्र ठणठणीत होतं. त्या दिवशी बाबा जिना न थांबता चढले. काम सुरू झालं आणि चार दिवसांत आकडा पुन्हा तीनशेच्या खाली.

समितीसमोर अहवाल मांडायचा दिवस आला. तीन प्राध्यापक, मागे खुर्च्यांवर इतर प्रकल्पांची मुलं आणि ज्याला यायचं असेल तो. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, शेजारी आई. बाई दारापाशी छोट्या टेबलाशी बसल्या होत्या. इतिवृत्त लिहिणं, म्हणजे बैठकीत काय झालं त्याची नोंद ठेवणं, हे त्यांचं काम. कारकुनानं समितीत बोलायचं नाही, हाही नियम होता, आणि त्यांनी तो कधी मोडला नव्हता.

मी तक्ते दाखवले. अध्यक्ष मान डोलावत होते. मग त्यांनी विचारलं, “सगळं छान आहे. पण या सहा आठवड्यांत त्यांनी सिगारेट ओढली नाही, याची खात्री काय?”

सगळ्यांनी वळून बाबांकडे बघितलं. बाबा जमिनीकडे बघत होते, डॉक्टरांसमोर बघायचे तसेच. माझं डोकं तापलं, पण बाईंच्या हाताखाली सहा वेळा घासून निघालेली असल्यानं आधी खरं तेच बोलले. “खात्री नाही, सर. हा प्रयोग ते सांगत नाही. पण ओढत असते तर सुट्टीत घरी बसून जास्तच ओढली असती ना? आकडा तर वर गेला.”

“शक्यता म्हणून मान्य,” अध्यक्ष म्हणाले. “पण—”

तेवढ्यात आई उभी राहिली. माझी आई चार लोकांत कधी तोंड उघडत नाही. “अहो सर,” ती म्हणाली, “पाच वर्षं मी यांचे खिसे तपासतेय. रोज. एक काडी सापडली नाही, एक थोटूक नाही. या आठ दिवसांत तर चोवीस तास माझ्यासमोर होते. हे ओढत नाहीत. मला पहिल्या वर्षातच कळायला हवं होतं. मी त्या कागदाचं ऐकलं, यांचं ऐकलं नाही.” एवढं बोलून ती खाली बसली आणि रुमालात तोंड लपवून हुंदके द्यायला लागली. बाबांना काय करावं सुचेना. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, मग काढला, मग पुन्हा ठेवला.

 अध्यक्ष घसा खाकरून “बरं, पुढचा प्रकल्प” म्हणणार, इतक्यात दारापाशी बाई उभ्या राहिल्या.

“अध्यक्ष महाशय,” त्या म्हणाल्या, “हे इतिवृत्तात घेऊ?”

अध्यक्ष क्षणभर गोंधळले. “घ्या की.”

“नुसतं सांगितलं असं घेऊ, की समितीला मान्य आहे असं घेऊ?”

अध्यक्षांनी उरलेल्या दोघांकडे बघितलं. दोघांनी मान हलवली. “मान्य,” अध्यक्ष म्हणाले. बाई बसल्या आणि लिहू लागल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. मालकांनी मळायच्या यंत्राला झाकण बसवलं, गोण्या झटकणं बंद केलं आणि बाबांना पाव भरायच्या कामावर घेतलं. प्रयोगशाळेचे मालक ना ते, अहवाल मानला नाही तर शोभलं नसतं. खोकला पुरता गेला नाही, पण निम्म्यावर आला. डॉक्टरांनी तक्ते बघून औषध बदललं आणि मनापासून माफी मागितली. मी पुढे हेच काम धरलं. गिरण्या, कारखाने, रंगाची दुकानं, माणसं काय श्वासात घेतात ते मोजत हिंडते. जिन्याखालच्या खोलीतून अशी किती माणसं बाहेर पडली, याची यादी बाईंनी कधी केली नाही. मी करायला घेतली आणि शंभराच्या पुढे सोडून दिली.

बैठकीनंतर आठवड्यानं बाईंनी मला बोलावून इतिवृत्ताची एक प्रत दिली. वर लिहिलं होतं, ‘संबंधितांस माहितीसाठी’. “संबंधित तू नाहीस,” त्या म्हणाल्या. “वडिलांना दे.”

मी ती घरी नेली. बाबा खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागले. ‘प्रकल्पातील सहभागी व्यक्ती धूम्रपान करत नाही, असे त्यांच्या पत्नीने सांगितले. समितीने ते मान्य केले.’ त्यांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

“समितीने म्हणजे, सगळ्यांनी ना?”

“सगळ्यांनी, बाबा.”

“तू पण?”

मी समितीत नव्हते. पण ते काही त्यांनी विचारलं नव्हतं.

“मी पण,” मी म्हणाले.